पाखरू गाणे कसे शिकते?

कोंबडा पहाटे आरवतो. त्याला आरवायला कोणी शिकवले? कोणीच नाही. मासाकाझू कोनिशी या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले, की ऐकू न येणारा कोंबडाही नीट आरवतो. ती त्याची उपजत कला आहे.

कोकिळाचेही तसेच. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते. पिल्लाला कावळे भरवतात, वाढवतात. तरी मोठा झालेला कोकीळ 'कुहू कुहू'च करतो.

पण सगळ्याच पाखरांचे असे नसते, बरं का! काही पाखरांना गाणे शिकावे लागते. अगदी तुम्ही-आम्ही बोलायला शिकलो तसे.

ऑस्ट्रेलियात झेब्रा फिंच नावाचा पक्षी आहे. तो चिमणीहून लहान असतो. नराची चोच लालभडक असते, आणि गातो तो नरच. नर पिल्लू सुमारे २५ दिवसांचे झाले, की बापाचे गाणे कान देऊन ऐकू लागते. ऐकलेले मनात साठवते. पाचएक आठवड्यांचे झाले, की स्वतः गुणगुणू लागते. पहिले गाणे म्हणजे नुसती बडबड. सूर चुकतो, तुकडे मागेपुढे होतात. पण पिल्लू स्वतःचा आवाज ऐकते. मनातल्या गाण्याशी तो ताडून पाहते. चुकले तर पुन्हा म्हणते. असे करता करता सुमारे ९० दिवसांत गाणे पक्के बसते. पुढे जन्मभर ते तेच गाणे गाते.

समजा, पिल्लाने गाणे ऐकलेच नाही तर? १९५०नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे विल्यम थॉर्प यांनी हे करून पाहिले. चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्ले त्यांनी इतर पक्ष्यांपासून दूर ठेवून वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली खरी, पण ते गाणे ओबडधोबड होते.

आणि गुरूचे गाणे ऐकले, पण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर? कोनिशी यांनी १९६५ साली हेही तपासले. अमेरिकेत डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी असते. तिच्या पिल्लांनी मोठ्यांचे गाणे ऐकले होते. पण गायला लागण्याआधीच त्यांचे ऐकणे बंद केले गेले. त्यांना ते गाणे जमलेच नाही. म्हणजे कान दोनदा लागतो. एकदा गुरूचे ऐकायला, आणि दुसऱ्यांदा स्वतःचे ऐकायला.

आता पाखराच्या डोक्यात काय चालते ते पाहू. झेब्रा फिंचचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. पण त्यात गाण्यासाठी वेगळ्या जागा राखलेल्या आहेत. अशा जागा १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅनरी पक्ष्यात शोधून काढल्या. त्यातली मुख्य जागा निकामी झाली, की पक्षी गायच्या पवित्र्यात उभा राहतो, चोच हलवतो; पण गाणे काही बाहेर पडत नाही.

कानातून आलेला आवाज आधी मेंदूतल्या ऐकण्याच्या जागेत जातो. तिथून तो गाण्याच्या मुख्य जागेकडे पोचतो. या जागेपासून दोन वाटा फुटतात. एक वाट गवयाची, दुसरी मास्तरांची म्हणा ना! गवयाच्या वाटेने श्वासाला आणि कंठाला हुकूम जातो. पाखराचा कंठ छातीत, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असतो. मास्तरांची वाट शिकण्यासाठी असते. ती लहानपणीच बिघडली, तर गाणे कधीच नीट बसत नाही. पण गाणे पक्के झाल्यावर बिघडली, तर फारसा फरक दिसत नाही.

आणखी एक गंमत ऐका. २००० साली शिकागो येथील शास्त्रज्ञांना दिसले, की झेब्रा फिंच झोपला असताना त्याच्या मेंदूतल्या पेशी गाताना चालतात तशाच चालतात. जणू झोपेत उजळणीच चाललेली असते.

हे सारे आपल्या काय कामाचे, असे कोणी विचारील. कामाचे आहे. आपले तान्हे बाळही आधी ऐकते. मग 'बाबाबा', 'दादादा' करते. स्वतःचा आवाज ऐकते, सुधारते, आणि मग बोलू लागते. बाळाला ऐकूच येत नसेल, तर बोलणे आपोआप कसे येणार? अशा मुलाला आपण 'मुके' म्हणून मोकळे होतो. पण पुष्कळदा त्याच्या जिभेत काही दोष नसतो. दोष कानात असतो.

"त्याचा बाप पण उशिराच बोलला होता," असे म्हणून घरची माणसे वाट पाहत बसतात. कोणी देवाला नवस बोलतात. त्यात शिकण्याचे मोलाचे दिवस निघून जातात. पाखराला शिकण्याचा एक काळ असतो. मुलाच्या बोलण्यालाही पहिली काही वर्षे फार महत्त्वाची असतात.

आज बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच त्याचे कान तपासता येतात. बाळ हाकेला वळत नसेल, भांडे पडले तरी दचकत नसेल, बडबड करता करता गप्प झाले असेल, तर थांबू नका. त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन विचारा, की कान कुठे तपासतात. कानाला लावायचे यंत्र मिळते, बोलायला शिकवणारे शिक्षक असतात, खुणांची भाषाही शिकता येते. जितके लवकर न्याल, तितके मुलाला शिकणे सोपे जाईल.