मोटार अडते तेव्हा

समजा, अंबड तालुक्यातील एका वाडीवर नुकतेच उजाडले आहे. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला असून, शस्त्रक्रियेसाठी तिला नऊ वाजता जालन्याच्या नेत्ररुग्णालयात पोहोचवावयाचे आहे. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या असलेल्या मोटारीत सारी मंडळी बसतात. बाबा किल्ली फिरवतात. घर्र-घर्र असा आवाज होतो. परंतु एंजिन काही चालू होत नाही. बाबा पुन्हा किल्ली फिरवतात. पुन्हा तेच!

आता प्रत्येकाला काही ना काही सुचू लागते. काका म्हणतात, "बॅटरी उतरली असेल." शेजारी म्हणतात, "पंप बदलावा लागणार." सर्वांचा हेतू चांगला आहे, पण हे सारे अंदाज आहेत. अंदाजाने एकेक भाग बदलत गेल्यास पैसा जाईल, वेळ जाईल आणि दोष कदाचित तसाच राहील. अशा वेळी दोष शोधावा तरी कसा?

त्यासाठी एंजिनाला काय हवे असते, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. घरातील चूल आठवून पाहा. सरपण नसेल, हवा मिळत नसेल किंवा विस्तव नसेल, तर चूल पेटत नाही. पेट्रोलच्या एंजिनाचेही तसेच आहे. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली जे एंजिन सिद्ध केले, त्याच तत्त्वावर आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारी चालतात. सिलिंडरमधील दट्ट्या खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. वर जाताना ते सुमारे दहाव्या हिश्शाइतक्या जागेत दाबतो. त्याच क्षणी विजेची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. शेवटी जळालेला वायू बाहेर फेकला जातो. म्हणजे हवा व इंधन, पुरेसा दाब आणि योग्य वेळी ठिणगी, या तीन गोष्टी हव्यात. यांपैकी एकही नसेल, तर स्टार्टर एंजिनाला कितीही फिरवो, ते स्वतःच्या बळावर फिरणार नाही. डिझेलच्या एंजिनात मात्र ठिणगी नसते. तेथे हवाच इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेने इंधन पेट घेते.

अडलेल्या मोटारीचा दोष शोधण्याची कला मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ ही धाडसी स्त्री पतीने तयार केलेल्या मोटारीतून आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइम या गावी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर होते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीला लावण्याच्या टाचणीने ती मोकळी केली. पुढे ठिणगीच्या विजेची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याच्या पट्ट्याने तिला वेष्टन दिले. एकदा इंधनात खोट, एकदा ठिणगीत! दोष नेमका कोठे आहे हे तिने ओळखले, म्हणूनच एवढ्याशा साधनांनी तिचे काम भागले.

आता आपल्या वाडीवर परत येऊ. शेजारच्या वस्तीवरील मिस्त्री आले आहेत. त्यांनी हत्यारांची पिशवी लगेच उघडली नाही. प्रथम प्रश्न विचारले. "दादा, शेवटची कधी चालवली होती? पेट्रोल केव्हा भरलं?" मोटार चार दिवसांपूर्वी नीट चालत होती आणि त्याच दिवशी पेट्रोल भरले होते, असे कळले.

मग त्यांनी किल्ली फिरवून आवाज ऐकला. एंजिन नेहमीच्या जोमाने फिरत होते; तेव्हा बॅटरी व स्टार्टर यांवरील संशय दूर झाला. आवाजात ठरावीक ठेकाही होता. दाब नाहीसा झाला असता, तर एंजिन हलके व भरभर फिरले असते. समोरच्या फलकावर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत नव्हता. म्हणजे चोरीला आळा घालणाऱ्या यंत्रणेनेही एंजिन अडवलेले नव्हते.

यानंतर त्यांनी स्टार्टर न फिरवता किल्ली केवळ 'चालू'च्या खुणेवर आणली आणि सर्वांना गप्प राहण्यास सांगितले. मागल्या आसनाखालून दोन क्षण बारीक गुणगुण ऐकू आली. हा टाकीतील पंपाचा आवाज होय. तो आला नसता, तर फ्यूज आणि रिले प्रथम तपासावे लागले असते. मग धूर बाहेर टाकणाऱ्या नळीजवळ जाऊन त्यांनी वास घेतला. न जळलेल्या पेट्रोलचा उग्र दर्प येत होता. इंधन एंजिनापर्यंत पोहोचत होते; पण पेटत नव्हते! आता संशय ठिणगीवर येऊन ठेपला.

मिस्त्रींनी एंजिनावरील झाकण उघडले. आत कडब्याची काडी आणि उंदराच्या लेंड्या पडल्या होत्या. ठिणगी निर्माण करणाऱ्या कॉइलला वीज पुरविणारी तार उंदराने कुरतडून तोडली होती. त्यांनी बॅटरीची जोडणी सोडवली, तार सांधली व तिच्यावर वीजरोधक पट्टी गुंडाळली. बॅटरी पुन्हा जोडून किल्ली फिरवताच एंजिन चालू झाले. नवा पंप लागला नाही की नवी बॅटरी लागली नाही.

जाताना त्यांनी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. स्टार्टर एका वेळी पाच-दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये त्याला विश्रांती द्यावी. नाहीतर तो तापतो आणि चांगली बॅटरीही उतरते. ठिणगीच्या तारेला एंजिन फिरत असताना हात लावू नये. तिच्यातील विजेचा दाब हजारो व्होल्ट असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असल्यास आग लागू शकते.

आजच्या मोटारींत लहानसा संगणक असतो आणि दोषाची खूण तो सांकेतिक अंकांत नोंदवून ठेवतो. परंतु तो अंक म्हणजे साक्षीदाराचे बोलणे होय, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. साक्ष पडताळून पाहण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते.

मिस्त्रींच्या हातातील कौशल्य मोठे होतेच. पण त्याहून मोठी होती त्यांची विचार करण्याची रीत. प्रत्येक प्रश्न त्यांनी असा विचारला, की उत्तर काहीही आले तरी काही संशय दूर व्हावेत. सोपी तपासणी आधी, अवघड नंतर. आणि खात्री झाल्यावाचून कशालाही हात लावावयाचा नाही. गणित चुकले असता किंवा विहिरीवरचा पंप पाणी देईनासा झाला असता, हीच रीत उपयोगी पडते.

आजी वेळेवर जालन्यास पोहोचली. वाटेत ती म्हणाली, "चूल पेटेना, तर मीसुद्धा आधी लाकूड ओलं आहे का तेच पाहते. उगीच चूल मोडून नवी घालत नाही!"