रिमोट चावीचे प्रोग्रामिंग (जुन्या मोटारगाड्या)

रिमोट चावीचे प्रोग्रामिंग म्हणजे मोटारगाडीचे दरवाजे दुरून उघडणाऱ्या चावीची ओळख गाडीतील नियंत्रकाच्या स्मृतीत नोंदवण्याची प्रक्रिया होय. जुन्या गाडीची रिमोट चावी चालेनाशी झाली की ही नोंद पुसली गेली, असा समज होतो. प्रत्यक्षात नोंद सहसा कायम असते आणि दोष चावीतच निघतो.

कार्यपद्धती

चावी रेडिओ संदेश पाठवते. भारतात त्यासाठी प्रामुख्याने ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता वापरतात. संदेशात चावीचा ओळख क्रमांक आणि दर वेळी बदलणारा सांकेतिक अंक असतो. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली 'कीलॉक' ही अशीच एक प्रणाली. गाडी शेवटच्या नोंदीपेक्षा थोडाच पुढचा अंक स्वीकारते. लहान मुलाने घरी खेळताना बटण शेकडो वेळा दाबले, तर हे अंतर वाढून गाडी चावीला दाद देत नाही. अनेक प्रणालींत गाडीजवळ बटण लागोपाठ दोनदा दाबल्यास अंक पुन्हा जुळतात.

इंजिन सुरू होऊ देणारा इमोबिलायझर मात्र निराळा असतो. त्याची चिप चावीच्या मुठीत असते व तिला बॅटरी लागत नाही. म्हणून रिमोट बंद पडला तरी इंजिन सुरू होऊ शकते. चावीचे तुटलेले कवच बदलताना ही बारीक चिप जुन्या कवचातच राहून कचऱ्यात जाते आणि बिघाड नसलेली गाडी जागेवर अडते.

दोषनिदान

प्रथम बॅटरी बदलून पाहावी. सीआर२०३२ प्रकारच्या बॅटरीचा दाब ३ व्होल्ट असतो. तो घटला तरी चावीवरील दिवा लागतो, पण संदेश दूर पोहोचत नाही. रत्नागिरीसारख्या किनारी शहरात खारी हवा आणि ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस यांमुळे धातूच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. दुसरी चावी व्यवस्थित चालत असल्यास गाडीतील ग्राहक यंत्रणा ठीक आहे, असे समजावे.

नोंदणीची पद्धत गाडीगणिक बदलते. काही गाड्यांत दरवाजा उघडा ठेवून इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करावे लागते. येथे एक साधी गोष्ट हमखास नजरेआड होते: दरवाजा उघडल्याचे गाडीला कळते ते चौकटीतील स्विचमुळे. तो गंजला असल्यास पायऱ्या कितीही अचूक पाळल्या तरी नोंदणी सुरूच होत नाही. दरवाजा उघडल्यावर आतील दिवा लागत नसेल, तर दिव्यासोबत हा स्विचही तपासावा. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी अशक्त असल्यासही प्रक्रिया अर्धवट तुटते.

इमोबिलायझरच्या नोंदणीसाठी बहुधा निदान उपकरण लागते. एक चालू चावी हाती असताना दुसरी नोंदवणे तुलनेने सोपे असते. सर्व चाव्या हरवल्यास काही गाड्यांत नियंत्रकच बदलावा लागतो. अनेक गाड्यांत नव्या नोंदणीच्या वेळी आधीच्या सर्व रिमोटच्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे हाताशी असलेले सर्व रिमोट एकाच वेळी नोंदवावे लागतात. हरवलेला रिमोट त्यातून आपोआप बाद होतो. त्याच्या चावीचे पाते मात्र दरवाजाचे कुलूप पूर्वीप्रमाणेच उघडते.