उष्ण झऱ्यांतील जीव आणि त्यांचीं जनुकें

नीरा डाव्या कालव्याचें पाणी बारामतीच्या शिवारांतून पुढें इंदापूर तालुक्यांत जातें. एखादी चारी कोणत्या शेतास पाणी पुरविते, हें नकाशाविना जाणण्याचा एक उपाय आहे: ती बुजवावी आणि कोणाचें पीक वाळतें तें पाहावें. शेतकऱ्यास हा उपाय परवडणार नाहीं. परंतु सूक्ष्म जीवांच्या जनुकांचें कार्य शोधतांना शास्त्रज्ञ नेमका हाच मार्ग धरतात.

येथें चारी बुजविणारा दगड म्हणजे ट्रान्सपोझॉन, म्हणजेच डीएनएमध्यें एका जागेवरून दुसऱ्या जागीं जाऊन बसणारा तुकडा. असे तुकडे प्रथम ओळखले गेले ते आपल्या परिचयाच्या मक्यांत. दाण्यांवरील ठिपक्यांच्या अभ्यासावरून बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषींनीं त्यांचा शोध लावला. त्याबद्दल त्यांस १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा तुकडा जनुकांत शिरला, कीं त्या जनुकाचें काम बहुधा बंद पडतें.

उष्णताप्रिय आर्किया हे जीव बॅक्टेरियांहून निराळे होत. त्यांपैकीं सल्फोलोबस हा आम्लयुक्त उष्ण झऱ्यांत सुमारें ७५ ते ८० अंश सेल्सियस तपमानांत वाढतो. इतक्या उष्णतेंत नेहमींचीं प्रतिजैविकें टिकत नाहींत. म्हणून निवडीची युक्ति निराळी योजावी लागते. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत अ‍ॅग्मॅटिन या द्रव्याविना न जगणारा सल्फोलोबसचा वाण घेण्यांत आला आणि ती उणीव भरून काढणारें जनुक ट्रान्सपोझॉनमध्यें घालण्यांत आलें. अर्थात् अ‍ॅग्मॅटिन नसतां ज्या पेशी वाढल्या, त्यांत तो तुकडा शिरला होता हें निश्चित.

मग असंख्य पेशींत तो कोठें बसला, हें तपासण्यांत आलें. जीं जनुकें प्राणास आवश्यक, त्यांत तुकडा शिरलेली पेशी मरते. म्हणून त्या जागा रिकाम्या आढळतात. या अभावावरूनच २०१८ सालीं ४४१ आवश्यक जनुकें ठरविण्यांत आलीं. उलट, पेशीभोंवतालच्या प्रथिनांच्या कवचावांचूनही पेशी जगतात, हें अनपेक्षितपणें दिसून आलें.

तथापि ‘अनावश्यक’ हा निर्णय प्रयोगशाळेंतील त्या परिस्थितीपुरताच होय. पावसाळ्यांत निरुपयोगी भासणारी चारी उन्हाळ्यांत इंदापूरच्या टोंकावरील शेतास जगविते, हें विसरतां कामा नये.