डीएनए कसा मांडला, त्यावर उत्तर

ल्यूपसचा संशय असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टवर ‘अँटी-डीएसडीएनए पॉझिटिव्ह’ एवढेच छापून येते, तेव्हा अर्धी माहिती गाळलेली असते. अँटिबॉडीपुढे डीएनए ठेवला कसा होता? ल्यूपसच्या सीरममध्ये डीएनएला चिकटणाऱ्या अँटिबॉडी 1957 साली सापडल्या, तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. एलायझा या चाचणीत डीएनए प्लॅस्टिकच्या वेलच्या तळाला बसवावा लागतो. तो ऋणभारित, प्लॅस्टिकला नीट धरत नाही, म्हणून काही किटमध्ये आधी पॉलिलायसिनसारखा धनभारित थर देतात. मग एखाद्या सीरममधल्या अँटिबॉडी डीएनए सोडून त्या थरालाच चिकटतात. डीएनएची दुहेरी साखळी (‘डीएस’ म्हणजे तीच) कुठे उसवलेली असेल, तर एकेरी साखळीला धरणाऱ्या अँटिबॉडीही मोजल्या जातात, आणि त्या ल्यूपसखेरीज इतर आजारांतही आढळतात.

यावर 1975 साली पुढे आलेली क्रिथिडिया चाचणी हा मला आजही सर्वांत देखणा उपाय वाटतो. क्रिथिडिया ल्युसिलिए हा माश्यांच्या आतड्यातला, माणसाला निरुपद्रवी असा एकपेशीय जीव. त्याच्या एकुलत्या मोठ्या मायटोकाँड्रियात, शेपटीच्या बुडाजवळ, गोलाकार डीएनएची दाट गुंफण असते. तिला कायनेटोप्लास्ट म्हणतात. हे जीव बसवलेल्या स्लाइडवर साधारण दहापट विरळ केलेले सीरम टाकायचे, अर्ध्या तासाने बफरने धुवायचे, मग मानवी आयजीजीला धरणारी चमकत्या रंगाची अँटिबॉडी टाकून पुन्हा धुवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली कायनेटोप्लास्ट हिरवा उजळला तरच पॉझिटिव्ह. नुसते केंद्रक उजळले तर नाही, कारण तिथे हिस्टोनसारखी प्रथिनेही असतात. शेपटीच्या मुळाशी असलेली बेसल बॉडी चमकली तरीही नाही. ती इतकी जवळ असते की नवखी नजर हमखास फसते.

डोळ्यांनी वाचायच्या चाचणीवर कितपत भिस्त ठेवायची, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. सैल पकडीच्या अँटिबॉडी इथे निसटतात, चढउतारही एलायझाइतका बारकाईने कळत नाही. म्हणून एलायझा टाकून द्या असे म्हणणे नाही. आधी एलायझा, संशय आला की क्रिथिडिया, हा क्रम योग्य. 2019 च्या ल्यूपस निकषांत या अँटिबॉडीला 6 गुण आहेत आणि वर्गीकरणाला किमान 10 लागतात. पण एलायझासारख्या चाचणीची विशिष्टता किमान 90 टक्के सिद्ध झालेली असावी, अशी अटही तिथे आहे. एवढे वजन असलेल्या ओळीशेजारी पद्धतीचे नाव छापायलाच हवे, कारण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून स्टिरॉइडचा डोस ठरवणे रुग्णाला महागात पडू शकते.