जुन्या फुल-सस्पेन्शन सायकलचा मागचा शॉक बदलताना

नव्वदच्या दशकातली ट्रेक वाय किंवा जीटी एलटीएस हाताशी असेल, तर मागचा शॉक एव्हाना बहुधा तेल गाळतोय. नवा घेण्याआधी स्केल घ्या. दोन मापं हवीत: दोन्ही बोल्टच्या मध्यांमधलं अंतर, आणि स्ट्रोक म्हणजे शॉक किती दबतो ते. जुनी मापं इंचात असायची, उदाहरणार्थ ६.५ बाय १.५, म्हणजे १६५ बाय ३८ मिमी. २०१६ पासून मेट्रिक मापं आली. त्यातही १६५ सापडेल, पण तो ट्रनियन प्रकारचा. त्याचं एक टोक वेगळ्याच पद्धतीने बसतं. तो आपल्या कामाचा नाही.

‘शॉक पाच मिमी लांब असला तर काय होतंय?’ असं दुकानदार म्हणेल. होतं! ३८ मिमी स्ट्रोकवर चाक १०० मिमी हलत असेल, तर गुणोत्तर साधारण २.६. शॉक ५ मिमी लांब असला की मागचं चाक सुमारे १३ मिमी खाली जातं, मागची बाजू उचलते आणि हँडल चंचल होतं. स्ट्रोक जास्त असेल तर टायर थेट सीट ट्यूबवर आदळू शकतो. म्हणून बसवल्यावर हवा पूर्ण काढून सायकल तळापर्यंत दाबून बघाच. कॉइल असेल तर स्प्रिंग काढून.

बुशिंग आणि स्पेसर मात्र जुने वापरू नका. खडखड बहुतेकदा तिथूनच येते, आणि लोक उगाच शॉकला दोष देतात. शेवटी सॅग: स्वार बसल्यावर शॉक स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे.