वजीर आपला, तरी डाव बरोबरीत!

समजा, बुद्धिबळाच्या पटावर तुझा वजीर आहे. दोन हत्ती आहेत. वर दोन-चार प्यादीही उरली आहेत. आणि समोर? एकटा राजा! त्याची बाकीची सगळी फौज तू केव्हाच गारद केलीस. आता जिंकलोच, असं म्हणून तू झोकात वजीर सरकवलास.

आणि समोरचा टुणकन उडी मारून ओरडला, "बरोबरी!"

आँ? बरोबरी कशी? चिडू नकोस, तो खरंच बोलतोय!

बुद्धिबळात राजाला कुणी मारत नाही. त्याला शह द्यायचा आणि पळायला एकही घर ठेवायचं नाही. झाली मात! पण पळायला घर नाही आणि शहही नाही, असं झालं तर? खेळी त्याची आहे, हलवायला दुसरं काहीच नाही, आणि राजा जिथे पाऊल टाकेल तिथे मार बसणार. स्वतःहून मारात जायची तर राजाला परवानगीच नाही! मग नियम सांगतो, डाव बरोबरीत. याला स्टेलमेट म्हणतात.

यातली सगळ्यात फसवी जागा सांगू? कान इकडे कर! समोरचा राजा पटाच्या कोपऱ्यात आहे आणि त्याचं दुसरं काहीच उरलेलं नाही. अशा वेळी तुझा वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवलास, की फसलास! राजाची तिन्ही घरं वजिराने अडवलेली, पण शह मात्र नाही. पट घे आणि करून बघच. एकटा वजीर एवढा घोटाळा करतो!

बरोबरी व्हायच्या आणखीही वाटा आहेत. तीच मांडणी तीनदा आली, तर बरोबरी मागता येते. दोघांनी 50-50 खेळ्या केल्या, पण कुणी प्यादं हलवलं नाही की काही मारलं नाही, तरीही मागता येते. म्हणजे उगाच पटभर राजाला पळवत बसायची सोय नाही!

पण बरोबरी म्हणजे रडूबाई खेळ असं समजू नकोस हं. 2025 साली जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. आपल्या नागपूरची दिव्याताई देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. पहिले दोन्ही डाव बरोबरीत! मग जलद डाव झाले आणि दिव्याताई जिंकली.

आता तुझा दुसरा प्रश्न मला ऐकू आला. "त्याने माझा हत्ती मारला, मी त्याचा हत्ती मारला. फिटंफाट! मग कुणाचा फायदा झाला?"

कबड्डीचं मैदान आठव. एका बाजूला 7 गडी, दुसरीकडे 6. फार फरक वाटतो का? नाही ना! आता दोन्हीकडचे पाच-पाच गडी बाद कर. काय उरलं? 2 विरुद्ध 1! एकाच गड्याचा फरक, पण आता तो केवढा मोठा झाला!

पटावरही हेच होतं. एखादा मोहरा तुझ्याकडे जास्त असेल, तर हत्तीला हत्ती, वजिराला वजीर अशी मारामारी बहुतेक वेळा तुझ्याच सोयीची. तुझ्याकडे कमी असेल, तर जरा सांभाळून!

पण प्याद्याला प्यादं मात्र जपून मारायचं. ऐक, गंमत आहे. घोड्याची किंमत 3 प्याद्यांएवढी धरतात. तरी एक राजा आणि एक घोडा मिळून समोरच्या एकट्या राजावर मात करूच शकत नाहीत. उंटाचंही तसंच. आणि 1 गुणाचं इवलंसं प्यादं? ते शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचा वजीर होतो! म्हणजे शेवटी उरलेलं प्यादं डाव जिंकून देऊ शकतं, उरलेला घोडा नाही!

मोहऱ्यांच्या अशा अदलाबदलीने एकदा चक्क जगज्जेता बदलला! 12 डिसेंबर 2024, सिंगापूर. आपला गुकेशदादा विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन. तेरा डाव झालेले आणि गुण समसमान! हा चौदावा, ठरलेल्या डावांतला शेवटचा. दोघांकडे एक हत्ती, एक उंट आणि थोडी प्यादी. गुकेशदादाकडे एक प्यादं जास्त होतं. तरी सगळ्यांना वाटत होतं, हाही बरोबरीतच सुटणार.

तेवढ्यात 55व्या खेळीला डिंगने आपला हत्ती गुकेशदादाच्या हत्तीसमोर आणून ठेवला. हत्ती घे, हत्ती दे!

दिसायला अगदी साधी अदलाबदल. पण डिंगचा उंट कुठे होता ठाऊक आहे? कोपऱ्यात! हत्ती जाताच गुकेशदादाने आपला उंट त्याच्याच तिरक्या वाटेवर उभा केला. कोपऱ्यातून दुसरी वाटच नाही, त्यामुळे उंटांचीही मारामारी झाली. आता पटावर फक्त राजे आणि प्यादी. ते एक जास्तीचं प्यादं आता भारी पडलं! 58व्या खेळीला डिंगने हार मानली आणि 18 वर्षांचा गुकेशदादा जगज्जेता झाला. ही संधी त्यालाही लगेच दिसली नव्हती, असं त्यानेच नंतर सांगितलं!

मोहरे असे कमी झाले की एक कोपऱ्यात लपलेला भिडू बाहेर येतो. कोण? राजा! आता वजिराची भीती नाही, मग तो स्वतःच लढायला निघतो. आणि त्याची चाल तर जादूची. एका कोपऱ्यातून त्याच रांगेतल्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याला सरळ जाऊ दे. खेळ्या लागल्या 7. आता 3 पावलं तिरकी वर, 1 आडवं, 3 तिरकी खाली. पटाच्या मध्यापर्यंत फेरफटका मारून आला, तरी 7च! पटावर वाकडी वाट लांब असतेच असं नाही. रिचर्ड रेटी नावाच्या खेळाडूने 1921 साली या युक्तीवर एक कोडं रचलं. त्यात राजा तिरका चालत एकदम दोन कामं साधतो आणि हरलेला वाटणारा डाव बरोबरीत सोडवतो.

संगणकांनी तर आता दोन्ही राजे धरून 7 मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट सोडवून ठेवले आहेत. त्यातला एखादा विजय मिळवायला पाचशेहून जास्त खेळ्या लागतात! पण सगळे 32 मोहरे मांडलेला पूर्ण डाव? तो मात्र अजून कुठल्याही संगणकाला सुटलेला नाही.