मूल अनाथ नाही, आईबाप फडावर आहेत

सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचे फोटो दरवर्षी सगळीकडे झळकतात. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या, पहाटे पेटलेली होळी. परंपरा १२४६ पासूनची सांगतात. ती पाहायला पुण्या-मुंबईची आणि परदेशातलीही माणसं अक्कलकुव्यात येतात, याचा आनंदच आहे. काळजी वाटते ती पुढच्या बेताची: एवढ्या लांब आलोच आहोत, तर एखाद्या आश्रमशाळेत मुलांसोबत दोन दिवस राहू. आता तर परदेशातली मराठी कुटुंबंही विचारतात, की कॉलेजच्या अर्जात समाजसेवा दाखवायची आहे, मुलगी सुट्टीत तीन आठवडे अनाथ मुलांना इंग्रजी शिकवेल, सोय होईल का?

सातपुड्यातल्या वसतिगृहांतल्या बहुतेक मुलांना आईबाप आहेत. दिवाळीनंतर ते उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. होळीला गावी येतात, काही जण सण होताच पुन्हा फडावर परततात. मूल आश्रमशाळेत असतं कारण पाड्यावर त्याच्याजवळ थांबायला कोणी नसतं. त्या मुलाला अनाथ समजून कुरवाळणं हा त्याच्या राबणाऱ्या आईचा अपमान आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

जगभर हेच दिसतं. अनाथाश्रमांतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांचा निदान एक पालक हयात असतो, असं या प्रश्नावर काम करणारी लुमोस ही संस्था सांगते. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले. त्याच काळात वाढले होते पर्यटक. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं गोळा करायची आणि ती दीनवाणी दिसतील अशीच ठेवायची, असा धंदा तिथे उभा राहिला. नेपाळातही बहुसंख्य आश्रम काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर निघाले. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून अनाथाश्रम-पर्यटनातल्या धोक्याची दखल घेतली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने तर २०१७ मध्येच अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराला आधुनिक गुलामगिरी म्हटलं होतं.

पण 'आमचा हेतू चांगला आहे' म्हणणाऱ्यांनी बुखारेस्टचा अभ्यास जरूर समजून घ्यावा. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० नंतर रुमानियातल्या संस्थांमधली १३६ बाळं निवडली. निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, पालक-कुटुंबांत पाठवली. बाकीच्यांना नेहमीसारखी संस्थेतली देखभाल मिळत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं पुढे माणसांशी अधिक घट्ट जोडली गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. हा अभ्यास पाहुण्या स्वयंसेवकांवर नव्हता, हे खरं. तरीही मुलाला रोज तेच माणूस लागतं, एवढं त्यातून लख्ख कळतं. तीन आठवडे जीव लावून निघून जाणारी ताई ते रोजचं माणूस होऊ शकत नाही. शिवाय पहिलीतलं पावरी बोलणारं मूल मराठीच नव्याने शिकत असतं. त्याच्याशी ती बोलणार कोणत्या भाषेत?

उत्तर याच सातपुड्यात आहे. सरदार सरोवर धरणाच्या बुडिताशी झुंजणाऱ्या गावांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, चिमलखेडीपासून, जीवनशाळा सुरू केल्या. 'लढाई-पढाई साथ साथ' ही त्यांची घोषणा. शिकवणं मुलांच्या बोलीतून सुरू होतं, गुरुजी त्याच परिसरातले, आणि इथेच शिकलेली काही मुलं पुढे इथेच शिक्षक झाली. बाहेरून कार्यकर्ते पुष्कळ आले, त्यांनी मदतही केली. पण मुलांना सांभाळणारे हात गावातलेच राहिले. जनार्थ या संस्थेने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. मूल आईबापांजवळ राहून शिकू शकतं, हा तो विचार.

२०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचाच पर्याय मानतो. कलम ४१ नुसार बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सेल्फी टाकणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. सरकारच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्व योजनेत पात्र मुलाला घरी राहून महिना ४००० रुपये मिळू शकतात. विमानाच्या एका परतीच्या तिकिटात किती महिने निघतील, याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

तुमच्याकडे कौशल्य असेल, तर ते शिक्षकांना, अधीक्षकांना, नर्सबाईंना द्या. ते इथेच राहणार आहेत. आणि देणगी देण्याआधी संस्थाचालकांना विचारा, इथल्या किती मुलांचे आईबाप हयात आहेत आणि ते मुलांना शेवटचे कधी भेटले? नीट उत्तर मिळालं नाही, तर पैसे देऊ नका. काही वावगं दिसलं, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.